अंगणातली बोट

खरवई, बदलापूर
४ ऑक्टोबर २०२५

श्रीमती तुळशीबाई यांस भगवंताचा नमस्कार पोहोचावा.

दसऱ्याचे सोने अल्पेशच्या हाती पाठवले होते, ते मिळाले असेल. आपण विहीण, मी व्याही. आपल्यात पत्रे लिहिण्याची रीत नाही, हे मी जाणतो. परंतु गेल्या वर्षापासून माझ्या कानांनी काम जवळजवळ सोडले आहे. यंत्र लावावे तर भांडी आपटल्याचा नाद ऐकू येतो, आणि फोनवरचा माणूस विहिरीच्या तळातून बोलतो आहे असे वाटते. घरातली माणसे पाटीवर लिहून मला सांगतात. आज जे सांगायचे आहे ते अर्धवट ऐकून चालणारे नाही, म्हणून कागद घेतला.

आपली कन्या स्वप्नाली आणि माझा अल्पेश यांनी दोन्ही लेकरांना घेऊन, भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी मुंबईहून सुटणाऱ्या एका बोटीवर तीन रात्री राहण्याचा बेत केला आहे. त्याला क्रूझ म्हणतात. कोठे जाणार, असे मी विचारले. अल्पेशने पाटीवर लिहिले, 'कुठेच नाही दादा. समुद्रात फिरायचं आणि परत यायचं.'

मी प्रवासाचा वैरी नाही. काशी पाहिली, रामेश्वर पाहिले, द्वारकेच्या वाटेवर नावेतही बसलो. परंतु जो प्रवास कोठेच पोहोचत नाही, ज्याच्या टोकाला देव नाही, आप्त नाही, विद्या नाही, फक्त दिवसातून पाच वेळा भोजन आणि पाण्याच्या घसरगुंड्या आहेत, त्याला यात्रा म्हणावे की पंगत? एका मजल्यावर मद्य, दुसऱ्यावर जुगार आणि मधल्या मजल्यावर आमचा सहा वर्षांचा अवधूत व तीन वर्षांची वैष्णवी. त्यात स्वप्नालीला पाचवा महिना. गर्भावर संस्कार कोणते होणार?

आणखी एक गोष्ट आहे, ती मी घरात बोललो नाही. आमच्या सायंकाळच्या पोथीला शेजारच्या नव्या इमारतीतले एक निवृत्त अधिकारी येतात. त्यांच्या कानी हा बेत गेला. ते हिरामणला म्हणाले (हिरामण माझा जुना श्रोता, त्याने मला लिहून दाखवले), "बुवांच्या घरीसुद्धा क्रूझ? चालायचंच. जमीन विकली की आधी सोनं येतं, मग गाडी, मग बोट."

आमची जमीन गेली हे खरे. परंतु त्या पैशाने आम्ही गळ्यात दोरखंडाएवढ्या साखळ्या घातल्या नाहीत, की हळदीला रस्ता अडवून नाचलो नाही. आमच्यासारख्या घरांविषयी नवी वस्ती काय बोलते हे आपणासही ठाऊक आहे. आपणही शेतकरी-आगऱ्यांच्याच लेक. तीस वर्षे या घरात दिवा लागला की पोथी लागते. लोक त्या पोथीने आम्हाला ओळखतात. ती ओळख तीन रात्रींच्या खाण्यापिण्यासाठी पुसली जावी काय?

आपण आयुष्यभर मुलांना संस्कृत शिकवलेत. आपला शब्द ती ओलांडणार नाही. तिला परावृत्त करावे, एवढीच विनंती.

आपला,
भगवंत


अंबरनाथ
८ ऑक्टोबर २०२५

श्री. भगवंतराव यांना तुळशीचा सादर नमस्कार.

आपले पत्र दोनदा वाचले. आपण मोकळेपणाने लिहिलेत, म्हणून मीही काही झाकत नाही.

हा बेत प्रथम मलाही रुचला नव्हता. माझी थोरली लेक शीला पुण्याची. ती सुट्टीत मुलांना हिमालयातल्या खेड्यांत नेते, चुलीवरची भाकरी खायला लावते. तिला मी हे सांगितले तेव्हा ती फोनवर हसत सुटली. "आई, क्रूझ म्हणजे तरंगतं मंगल कार्यालय गं! लहान मुलं घेऊन तिथं कोण जातं माहितेय? ज्यांना जगात काहीच बघायचं नसतं ते." मला इतके ओशाळे वाटले की शेजारी कोणी विचारले तेव्हा मी 'कोकणात जाणार आहेत' असे सांगून मोकळी झाले. म्हणजे नाक मुरडणारे आपल्या शेजारच्या इमारतीतच आहेत असे नाही.

मग मी स्वप्नालीलाच विचारले, काय आहे गं त्या बोटीत? ती जे बोलली ते तसेच उतरवते. "आई, मला कुठे जायचंच नाहीये. मला बसायचंय. ताट कुणीतरी आणून द्यावं, मुलांनी हवं तेवढं ओरडावं, आणि कुणी 'शू, पोथी चालू आहे' म्हणू नये. आणि बोटीवर पाहुणे येऊ शकत नाहीत."

भगवंतराव, गर्भिणीला आपल्या शास्त्रकारांनी दोन हृदयांची म्हटले आहे. तिची इच्छा अर्धी तिची आणि अर्धी पोटातल्या जीवाची. ती मोडली तर दोघांनाही इजा, असे आपणच मागे एका निरूपणात सांगितल्याचे मला आठवते. कैरी मागितली असती तर आपण स्वतः बाजारात गेला असता. तिने बोट मागितली आहे. हा डोहाळा आहे.

त्याला मुदतही आहे. सहावा महिना सरला की बोटीवर गर्भिणीला घेत नाहीत. तिच्या डॉक्टरीणबाई आज हो म्हणतात, पुढे म्हणणार नाहीत. तिसरे मूल आल्यावर तिला पुन्हा कधी बसायला मिळेल, आपणच सांगा.

शेवटची गोष्ट लिहावी की नाही यावर मी एक दिवस घालवला. गेल्या महिन्यात ती दोनदा माझ्याकडे आली. खुर्चीत बसून राहिली, पाणीसुद्धा मागितले नाही. निघताना दारात म्हणाली, "आई, मी परत गेलेच नाही तर?" मी तिला रिक्षात बसवून दिले. ती भांडली असती तर मला भय वाटले नसते. ती भांडत नाही. तिला जाऊ द्यावे.

आपली,
तुळशी


खरवई, बदलापूर
१२ ऑक्टोबर २०२५

श्रीमती तुळशीबाई यांस,

आपल्या पत्रातले शेवटचे वाक्य मला लागले. माझ्या घरात तिला उणे काय आहे? तिच्यावर कोणी हात उगारला नाही, शब्द टाकला नाही. पोथीला येणाऱ्या पंचवीस माणसांचा चहा ती करते हे खरे. परंतु तिच्या सासूनेही, देवाज्ञा होईतो, तो केला, आणि तो पुण्याचा भाग मानला.

तरीही डोहाळ्याचा मुद्दा आपण योग्य काढलात. मी पुन्हा ग्रंथ उघडले. गर्भिणीची इच्छा मोडू नये हे निर्विवाद. मात्र त्याच शास्त्राने असेही म्हटले आहे की इच्छा अहितकर असेल तर ती हितकर रूप देऊन पुरवावी. यज्ञात मुख्य द्रव्य न मिळाले तर त्याच्या जागी प्रतिनिधी द्रव्य चालते; त्याला अनुकल्प म्हणतात. मी दोन रात्री विचार केला आणि मार्ग सापडला.

आपल्याकडे नावेतले डोहाळजेवण आहेच! गर्भिणीला फुलांच्या नावेत बसवून तिचे कोड पुरवायचे, ही आपल्याच आयाबायांची रीत. ती नाव मी माझ्या अंगणात उभी करणार आहे. उल्हासनगरच्या कॅम्प चारमध्ये एक सिंधी मंडपवाला आहे, त्याच्याकडे मी आणि हिरामण गेलो. त्याने पाटीवर बोट काढून दाखवली: चौदा हात लांब, लाकडी सांगाडा, वर भोंगा, खाली निळ्या साटिनच्या लाटा. हिरामणला म्हणाला, "बाबाजी को बोलो, ऐसी बोट दूँगा के असली वाली शरमा के वापस चली जाए!" मी त्याला सांगितले, शिडावर 'श्री' काढ.

दिवस पाहिला आहे. शुक्रवार, २४ ऑक्टोबर, सायंकाळ. सातव्याची वाट न पाहता पाचव्यात केलेले चालते. तीनशे पाने होतील. नव्या इमारतीतली मंडळीही बोलावली आहेत. आमच्या घरची हौस कशी असते ते त्यांनीही पाहावे.

अल्पेशला सांगितले तेव्हा त्याने पाटी हातात घेतली आणि काहीच न लिहिता ती खाली ठेवली. माझी थोरली बहीण पुतळाबाई मात्र हरखली. तिने स्वप्नालीच्या पाठीवर थाप मारली आणि ती काय बोलली ते मी तिच्या ओठांवरून वाचले: "कनाला गो जातंस त्या खाऱ्या पान्यावर? दादानं बोटच घरान आनली!" स्वप्नाली हसली. मी पाहिले, ती हसली.

आपण वडीलधाऱ्या म्हणून अगत्य यावे.

आपला,
भगवंत


अंबरनाथ
१५ ऑक्टोबर २०२५

श्री. भगवंतराव यांना नमस्कार.

२४ तारखेला सायंकाळी पाच वाजता बोट सुटते. आपण तोच दिवस आणि तीच वेळ निवडली आहे. हे अजाणता झाले असेल, असे मानण्याचा मी प्रयत्न करते आहे. तसे असेल तर एक दिवस मागे-पुढे करणे कठीण नाही. तिला आधी आपल्या नावेत बसवा आणि मग त्यांच्या. मी हात जोडून मागते.

अनुकल्पाविषयी आपण लिहिलेत. तो नियम मीही शिकवला आहे, आणि त्याचा दुसरा अर्धा भाग आपणास ठाऊक नसेल असे मी म्हणणार नाही. मुख्य वस्तू मिळत नसेल तरच तिच्या जागी दुसरी चालते. मुख्य करणे शक्य असताना जो अनुकल्पावर भागवतो, त्याला कर्माचे फळ मिळत नाही. बोट आहे, तिकिटे आहेत, डॉक्टरांचा दाखला आहे. मग साटिनच्या लाटांनी कोणाचे कोड पुरणार? तिचे, की त्या अधिकाऱ्यांना उत्तर देण्याचे आपले?

ती हसली, असे आपण लिहिलेत. ती माझ्याकडेही हसली होती, दारात ते वाक्य बोलल्यानंतर.

दिवस बदलला नाहीत तरी मी येईन. तीनशे माणसांत तिला एकटी सोडणार नाही.

तुळशी


खरवई, बदलापूर
२५ ऑक्टोबर २०२५

श्रीमती तुळशीबाई,

काल जे घडले ते आपल्या डोळ्यांसमोर घडले. मी ते सहन करणार नाही.

मंडपात वीतभर जागा नव्हती. फुलांचे मुकुट, बाजूबंद, कंबरपट्टा, सर्व मी कल्याणहून मागवले होते. पोर नावेत बसली तेव्हा लक्ष्मीसारखी दिसत होती. सुवासिनी एकामागून एक चढून ओटी भरत होत्या. अवधूत डोळ्यांवर पोहण्याचा चष्मा लावून आला आणि नावेवर चढू लागला. पुतळाबाईने त्याला खाली ओढले. त्याने मान वर करून आईला काही विचारले. स्वप्नालीने दोन शब्दांत उत्तर दिले. मग ती उठली, समोरच्या ताटातली वाटी उलटली, आणि तीनशे माणसांसमोर नावेतून उतरून, एक मूल कडेवर, एक हाताशी धरून चालती झाली. अंगावरची फुलेसुद्धा काढली नाहीत. आपण तिला थांबवले नाहीत. आपण तिच्या चपला उचलून तिच्यामागे गेलात.

अधिकाऱ्यांच्या पत्नी तोंडाला पदर लावून होत्या. हसत होत्या की आणखी काही, ते मला ऐकू आले नाही. मला काहीच ऐकू आले नाही, आणि मी यजमान म्हणून हात जोडून उभा होतो.

अल्पेश माझ्याशी पाटीवरही बोलत नाही.

तिने मनात येईल तेव्हा यावे. परंतु मुले या घरची आहेत. अवधूतची शाळा दिवाळीनंतर उघडते. त्याआधी दोन्ही मुले खरवईला पोहोचली पाहिजेत. आपण ती पोहोचवणार नसाल तर मी चार माणसे घेऊन येईन.

भगवंत


अंबरनाथ
२८ ऑक्टोबर २०२५

भगवंतराव,

चार माणसे आणू नका. दार मी उघडीन, पण तिला उठवणार नाही. ती शुक्रवारपासून बहुतेक झोपूनच आहे. डॉक्टरीणबाई घरी येऊन पाहून गेल्या. बाळ ठीक आहे. आईचा रक्तदाब ठीक नाही. "आणखी असाच एखादा समारंभ केलात तर मी जबाबदार नाही," असे त्या म्हणाल्या.

आपण जे पाहिलेत ते सर्व खरे आहे. आता जे आपल्याला ऐकू आले नाही ते मी लिहिते. कोणाची चहाडी करण्यासाठी नव्हे, आपण न्याय करायला बसला आहात म्हणून.

ओटी भरायला आलेल्या प्रत्येक वडील बाईसमोर तिला उठून वाकावे लागत होते. मी मोजले नाही. तिसरी रांग सरल्यावर मी मध्ये पडून म्हणाले, आता ती बसूनच नमस्कार करील. पुतळाबाई म्हणाल्या, "दोन वेलां बालंत झाली, तिला काय नवीन हाय? वाक गो." ती वाकली. मग दोन वाट्या झाकून आणल्या, एकीत पेढा, एकीत बर्फी. मुलगा की मुलगी ते पाहायचे म्हणून पुतळाबाईंनी तिचा हात धरून एका वाटीवर ठेवला. आपल्या अधिकाऱ्यांच्या पत्नी शेजारणीला म्हणाल्या, "डेकोरेशन मस्त आहे हं. पण तिकिटं कॅन्सल केली म्हणे. परवडली नसतील." हे स्वप्नालीने ऐकले.

मग अवधूत आला. त्याला महिनाभर सांगितले होते, भाऊबीज झाली की बोटीवर जायचे. अंगणात बोट दिसली तेव्हा तो धावत खोलीत गेला, चष्मा लावून आला. पुतळाबाई ओरडल्या, "उतर रं, मोडशील!" त्याने आईला विचारले, "आई, ही कधी सुटणार?"

ती म्हणाली, "नाही सुटणार."

तिचे दोन शब्द ते. त्यानंतर ती उठली.

चपला मी उचलल्या, कारण रस्त्यावर खडी पसरलेली होती आणि तिचे पाय सुजले होते. त्याचा आपल्याला अपमान वाटला असेल तर तो मी केला, असे समजावे.

आता व्यवहाराचे. ७ नोव्हेंबरला आणखी एक बोट सुटते. डॉक्टरीणबाई म्हणतात, रक्तदाब उतरला तर तेवढी एक. त्यानंतर तिला कोणी चढू देणार नाही. अल्पेश रोज कारखान्यातून सुटला की येथे येतो, जिन्यात बसतो, मुले त्याच्या अंगावर खेळतात. काल मी म्हटले, तिकिटे काढ ना. तो म्हणाला, "दादा हो म्हणाले तर लगेच." स्वप्नाली आतून म्हणाली, "मी विचारणार नाही."

अशी ही तिघांची गाठ आहे. तीतले एक टोक आपल्या हातात आहे.

तुळशी


खरवई, बदलापूर
२ नोव्हेंबर २०२५, कार्तिकी एकादशी

तुळशीबाई यांस नमस्कार.

आपले पत्र मी हिरामणला वाचायला दिले नाही. अल्पेशला दिले. त्याने ते वाचून पाटी घेतली आणि लिहिले, 'खरं आहे.' खाली काही क्षणांनी आणखी लिहिले, 'मी पण तिथेच उभा होतो. मला ऐकू येत होतं.' आणि तो कामावर निघून गेला. त्याच्याकडे मी नेहमी आज्ञाधारक मुलगा म्हणून पाहिले. त्या पाटीकडे मी दिवसभर पाहत होतो.

आज एकादशीची पोथी. अंगण भरले होते. समाप्तीनंतर अधिकारी पुढे आले आणि माझी पाटी मागून त्यांनी सुवाच्य अक्षरांत लिहिले, 'सूनबाईंची प्रकृती कशी आहे? बोटीचा बेत रद्द झाला हे एका परीने बरेच झाले. आपल्यासारख्यांच्या घराण्याला ते शोभले नसते.'

ते वाचून मला जो संताप आला तो त्यांच्यावर नव्हता. ते वाक्य माझे होते. मी ते एक महिनाभर मनात घोळवले होते. दुसऱ्याच्या हस्ताक्षरात पाहिले तेव्हा ते किती क्षुद्र आहे हे दिसले.

मी सर्वांना ऐकू जाईल असे म्हणालो. बहिरा माणूस किती मोठ्याने बोलतो याचा त्याला अंदाज नसतो, त्यामुळे रस्त्यापर्यंत ऐकू गेले असावे. म्हणालो, "माझी सून शुक्रवारी मुलांना घेऊन बोटीवर जात आहे. कोठे जाणार असे कोणी विचारू नये. कोठेच नाही. ती बसायला जात आहे."

आणि दुसरे सांगितले. उद्यापासून पोथी गावदेवीच्या देवळात होईल. घरी होणार नाही. ज्याला चहा हवा त्याने घरून पिऊन यावे.

पुतळाबाई उठून उभी राहिली. माझ्या तोंडासमोर येऊन बोलली म्हणून कळले. "तीस वर्साची पोथी घरानशी काढलीस? एका पोरीपायी?" मी म्हणालो, होय, एका पोरीपायी. ती रागाने आपल्या लेकाकडे गेली आहे. चार दिवसांत येईल. नाही आली तर मी जाईन.

रक्तदाब उतरला असे डॉक्टरीणबाईंनी कालच सांगितले, आणि अल्पेशने तिकिटे काढली आहेत. मी 'हो' म्हटले असे लिहिणार होतो, पण ते खोडले. तिने माझ्याकडे हो मागितलेच नव्हते.

मुलांविषयी मी जे लिहिले होते, चार माणसांचे, ते पत्र आपण फाडून टाकावे.

एक प्रश्न उरतो. बोटीवरून ती कोठे परत येईल? खरवईला की अंबरनाथला? हे विचारण्याचा अधिकार मला आहे की नाही, हे मला कळेनासे झाले आहे. आपण उत्तर देऊ नये. तिला द्यावेसे वाटले तर तिने द्यावे.

आपला,
भगवंत


अंबरनाथ
१२ नोव्हेंबर २०२५

ती. दादांना स्वप्नालीचा नमस्कार.

तुम्ही आणि आई शास्त्रातून बोलता, मला तसं लिहिता येत नाही. साधं लिहिते.

आम्ही सोमवारी परत आलो. बोट फोटोत दिसते तशी नव्हती. जेवणाला एवढी मोठी रांग, आणि खोली आपल्या देवघराएवढी. पहिल्या रात्री बोट हलायला लागली तेव्हा वैष्णवीनं अल्पेशच्या अंगावर दोनदा ओकून टाकलं. त्यानं आयुष्यात पहिल्यांदा दोन्ही मुलांना एकट्यानं अंघोळ घातली. साबण डोळ्यांत गेला म्हणून दोघं रडत होती आणि तो मला बाथरूममधून ओरडून विचारत होता, "टॉवेल कुठाय, टॉवेल?" मी सांगितलं, शोध.

नाक मुरडणारे तिथेही होते. पोहायच्या तलावाशी एक बाई होत्या, वरच्या महागड्या खोल्यांतल्या. अवधूत पाण्यात उडी मारून किंचाळला तेव्हा त्या नवऱ्याला म्हणाल्या, "इतने छोटे बच्चों को लेके आते ही क्यों हैं लोग!" माझ्याकडे बघत म्हणाल्या. आधी मी लगेच उठले असते, त्याला ओढून आणलं असतं, त्यांना सॉरी म्हटलं असतं. उठायला गेलेही. मग परत बसले. तो आणखी चार वेळा किंचाळला. शेवटी त्याच उठून गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी अल्पेश मुलांना घेऊन कुठेतरी गेला आणि मी वरच्या डेकवर खुर्चीत बसले होते. समोर फक्त पाणी. कुणाला काही हवं नव्हतं. मला वाटलं होतं मी आनंदानं बघत बसेन. मी रडले, दादा. बराच वेळ. मग झोप लागली. एका पोऱ्यानं अंगावर चादर घातली होती, ती जाग आल्यावर कळली.

तुम्ही पोथी देवळात नेलीत, हे अल्पेशनं बोटीवर सांगितलं. तुम्ही सगळ्यांसमोर काय म्हणालात तेही सांगितलं. ऐकून बरं वाटलं. पण खोटं लिहीत नाही, त्यानं सगळं मिटलं असं मला वाटलं नाही. आत्याबाई परत येतील. मी घरी आले की पाहुणे भेटायला येतील, आणि नको म्हणायची मला सवय नाही. ती सवय मला लावून घ्यायची आहे, ती खरवईला राहून लागणार नाही.

म्हणून बाळ होईपर्यंत मी इथे राहणार आहे. अवधूतची शाळा अल्पेश इथून सांभाळेल, त्यानं तसं ठरवलंय. बाळ झाल्यावर काय, ते तेव्हा बघीन. आत्ता हो म्हटलं तर ते तुम्हाला बरं वाटावं म्हणून म्हटल्यासारखं होईल.

मुलं तुमची आठवण काढतात. वैष्णवी रोज विचारते, "आजोबा पाटी घेऊन येणार?" रविवारी सकाळी या. एकटे या, हिरामणकाकांना आणू नका. पाटी आणा, मी लिहून बोलेन.

एक आधीच सांगते, म्हणजे तुम्हाला वाईट वाटायला नको. तुम्ही आत आलात की मी उठणार नाही. बसूनच नमस्कार करीन.

तुमची,
स्वप्नाली